मस्कतसाठी राखून ठेवलेला आवाज

माणसाने किती मोठ्याने बोलावे या विषयावर आमच्या रोह्याच्या व्याह्यांइतका सखोल, इतका ठाम आणि इतका तापदायक विचार उभ्या रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केलेला नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. माझी कन्या वृंदा सांगते की सगळा घोळ अप्पांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, माईकमुळे झाला. जावईबापू सांगतात की दोष रोह्याच्या नेटवर्कचा. आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी तो खेळ कधी हातातही धरला नाही, त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की दोष माझ्या स्वभावाचा. या तिन्ही हकिकती चुकीच्या आहेत. त्या आमच्या गोतावळ्यात इतक्या फिरल्या आहेत की परवा एका बारशाला गेलो असता माझीच गोष्ट मला एका अनोळखी गृहस्थांनी सांगितली, आणि तीही चुकीची. म्हणून हा खटाटोप.

आधी खेळाविषयी. वृंदा आणि तिचा नवरा महेश मस्कतला असतात. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. पूर्वी त्या दिवशी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉलवर एकमेकांसमोर बसत असू. "जेवलात का?", "उकाडा आहे का?", "तब्येत बरी ना?" एवढे प्रश्न संपले की सगळीकडे नुसते हसरे चेहरे उरत, आणि कोणीतरी "बरं मग" म्हणेल याची सगळे वाट पाहत. वृंदाने त्यावर उपाय काढला तो असा, की चौघांनी मिळून फोनवर एक खेळ खेळायचा. विमानातून छत्रीने एका ओसाड बेटावर उतरायचे, पडक्या घरांतून बंदुका आणि मलमपट्ट्या गोळा करायच्या, आणि इतर टोळ्यांनी आपल्याला मारण्याआधी आपण त्यांना मारायचे. हात खेळात आणि तोंड गप्पांत. खेळता खेळता त्याच फोनच्या माईकवर एकमेकांशी बोलता येते. पहिल्याच शुक्रवारी मी एका गोठ्यात अडकून पडलो, व्याही नदीत पोहत राहिले, मुले पोट धरून हसली, आणि "बरं मग" म्हणायची आठवण कोणालाच झाली नाही. तेव्हापासून शुक्रवारची दुपार आमच्या दोन्ही घरांत सणासारखी पाळली जाऊ लागली.

आता माझ्याविषयी थोडे. प्रौढी म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी हयातभर डोळ्यांची आखणी केली. मूर्ती कोणीही घडवो, रंग कोणीही देवो, बुबुळ ठेवायला मला बोलावीत. ते केसाएवढे बाजूला गेले तर देव भक्ताकडे न पाहता समईकडे पाहत बसतो. ज्याने आयुष्यभर हे सांभाळले त्याला फोनच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी किती सरकवावी हे कळत नाही, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते माझ्यासमोर येऊन म्हणावे. चौघांपैकी कोणाच्या मागे पंखा घुमतो, कोणाचा अंगठा माईकच्या भोकावर येतो, कोणाचा आवाज रिकाम्या भिंतीवर आपटून परत येतो, हे सारे पेणला बसून मीच ओळखले आणि मीच निस्तरले. महेशचा घुमणारा आवाज मी त्याला पाठीमागे एक गादी उभी करायला लावून ठीक केला. वृंदाला फोनचे कव्हर काढायला सांगितले, आणि तिचा आवाज पावसाळ्यानंतरच्या आभाळासारखा लख्ख झाला. एकटे व्याही माझ्या आटोक्यात आले नाहीत.

व्याही म्हणजे रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीलगतच्या खारजमिनीत भातशेती केलेला माणूस. आता रोह्यातच घर करून राहतात. अंगाने किरकोळ, एवढा आवाज त्या देहात कुठे साठवलेला असतो हे पाहणाऱ्याला उमगत नाही. लग्न ठरवायला ते प्रथम आमच्याकडे आले तेव्हा दाराची घंटा समोर दिसत असूनही त्यांनी रस्त्यावरूनच "आलोऽऽ!" अशी वर्दी दिली, आणि आमच्याबरोबर समोरच्या बिऱ्हाडांनीही दारे उघडली. तेच गृहस्थ पानावर माझ्या शेजारी बसल्यावर असे काही पुटपुटू लागले की ते मीठ मागत आहेत की मुहूर्त सांगत आहेत, हे मला समजेना. फोन आला की ते प्रथम विचारतात, "कुठून बोलताव?" आणि उत्तर मिळाले की त्या गावाच्या दिशेला तोंड वळवतात. पेण म्हटले की उत्तरेकडे. मस्कत म्हटले की खाडीकडे, पश्चिमेला. फोन हातात असो की टेबलावरच्या स्टँडवर, तोंड माणसाकडे पाहिजे. आणि जसे अंतर तसा आवाज : शेजाऱ्याशी पुटपुट, पेण-नागोठण्याशी बोलणे, मुंबईला हाक, आणि मस्कतसाठी जे राखून ठेवलेले असते त्याला मराठीत शब्द नाही.

वाचकांनी आता माझी अवस्था ध्यानात घ्यावी. बेटावर आम्ही चौघे एकत्र असू. व्याही खाडीकडे तोंड करून गर्जत, "महेशाऽऽ! डावीकडं जाऊ नको रेऽऽ!" त्यासरशी माझ्या टेबलावरची वाटी हाले आणि आमचे मांजर उठून माजघरात जाई. लगेच ते उत्तरेकडे वळत. आता फोनच्या माईकसमोर त्यांचा कान आलेला असे, आणि त्या कानाच्या पलीकडून, विहिरीच्या तळाशी कोणी जप करीत असावा तसे, काहीतरी ऐकू येई. ते माझ्यासाठी असे. पट्टी वर सरकवली तर मस्कत कान फोडी. खाली आणली तर पेण नाहीसे होई. आवाज आपोआप सारखा करण्याची एक सोय त्या खेळात आहे. ती मी लावून पाहिली. ती मस्कतच्या गर्जनेने इतकी घाबरली की पुढची चार वाक्ये कोणाचीच आत घेईना.

उपाय मी थोडे केले नाहीत. माझ्या सांगण्यावरून व्याही रोह्याच्या एस.टी. स्थानकासमोरच्या मुनाफभाईंच्या मोबाइल दुकानात गेले. मुनाफभाईंनी फोन तपासला, त्यांना बोलायला लावले आणि मला फोनवर निदान सांगितले, "काका, माईक एकदम ओके हाय. खराबी असंल तर ती यांच्या गळ्यात, आन् त्याचा पार्ट माझ्याकडं येत नाय." मग मी तोंडासमोर दांडी येणारा हेडफोन सुचवला. माणूस कोणत्याही दिशेला वळला तरी माईक त्याच्याबरोबर वळतो, हा त्यातला विचार. आणि तो माझा होता, महेशचा नव्हे. व्याह्यांनी हेडफोन घेतला, चढवला आणि दांडी कपाळावर सरकवून ठेवली. "तोंडासमोर आली की बैलाला मुसकं घातल्यासारखं वाटतं," असे कारण दिले. त्यानंतर मी मस्कतशी बोलताना माईकवर रुमालाची घडी धरायची आणि पेणशी बोलताना काढायची, अशी योजना केली. योजना निर्दोष होती. परंतु रुमालाला एक हात लागत असल्यामुळे बंदुकीला हात उरेना, आणि आमचे व्याही त्या बेटावर कित्येक शुक्रवार निःशस्त्र हिंडत राहिले.

शेवटी बटण दाबून बोलण्याची सोय वापरायचे ठरले. बटण दाबले असेल तेवढाच वेळ माईक चालू राहतो. व्याही आधी बोलून घेत आणि मग बटण दाबत. चिठ्ठी लिहून झाल्यावर पेटीत टाकावी, तसे. आणि एकदा दाबलेले बटण सोडण्याचे त्यांना भान राहत नसे. त्यामुळे एकदा ऐन गोळीबारात विहीणबाई आमच्या सर्वांच्या कानांत प्रकटल्या. "अवो, त्या मेल्या खेळापायी माझं वालाचं बिरडं लागलं ना!" वृंदा शत्रूवर नेम धरून उभी होती. तिने तो सोडून विचारले, "आई, ओलं खोबरं घातलंत की सुकं?" विहीणबाईंनी फोनजवळ येऊन सविस्तर उत्तर दिले. "सुकं भाजून घाल गो, आन् वाटताना पानी नको." ते उत्तर पूर्ण होईपर्यंत आम्ही चौघेही ठार झालो होतो. बिरडे मात्र पुढे मस्कतला उत्तम झाल्याचे कळले. बटणाचा नाद आम्ही तेवढ्यावर सोडला.

हे सगळे करण्यापेक्षा सरळ "हळू बोला" असे का सांगितले नाही, असा प्रश्न मला अनेक उपटसुंभांनी विचारला आहे. मी त्यांना उलट विचारतो : मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला "हळू बोला" असे कोणत्या मांडवात सांगितले आहे? मी आडवळणाने सुचवले, "व्याहीसाहेब, अलीकडचे माईक फार नाजूक असतात." ते म्हणाले, "मग तुम्ही मजबूत बघून घ्या ना, व्याहीबुवा." तेव्हा मी मुद्द्याच्या जरा जवळ सरकलो.

"फोनला अंतर नसते," मी म्हणालो. "आपण पुटपुटलात तरी ते मस्कतला पोहोचते."

"पोचतं, व्हय. पोचत नाय असं कुठं म्हनतो मी? पन पोरगा एवढा समुद्राच्या पल्याड, आन् मी शेजारी बसल्यासारखा बोललो, तर त्याला वाटंल बापाला आपन लांब गेल्याचं काय नाय."

"आणि माझ्याशी बोलताना?"

"तुम्ही तर हाताच्या अंतरावर. जवळच्या मानसावर ओरडायचं नसतं. बांधावरची रीत हाय ती."

मग त्यांनी मला ती रीत सांगितली. खारजमिनीत भात राखायचे तर खाडीचे पाणी अडवणारा मातीचा बांध राखावा लागतो. उधाणाच्या भरतीला माणसे बांधाबांधावर उभी राहतात आणि एकमेकांना आवाज देतात. तो अंतराच्या मापानेच द्यायचा. बांध फुटून पाणी आत शिरले, म्हणजे त्यांच्या भाषेत खांड पडली, तरच मापाबाहेर ओरडायचे. "जवळच्यावर ओरडलं तर तो समजतो खांड पडली, आन् फावडं घेऊन धावत सुटतो. बिनकामाचं ओरडनाऱ्याला बांधावर कोन उभा करीत नाय." मी हे सगळे आदराने ऐकून घेतले. त्यातले काहीही माईकला लागू पडत नव्हते, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

आता त्या शुक्रवाराकडे येतो, ज्याविषयी सर्वाधिक खोटे पसरले आहे. त्या दिवशी आम्ही प्रथमच अखेरच्या टप्प्यापर्यंत जिवंत राहिलो होतो. बेटावर मोजक्याच टोळ्या उरल्या होत्या. व्याही टेकडीवर राखणीला बसले होते, खाली मुले होती, आणि एका पडक्या भिंतीआड, सगळ्यांच्या मलमपट्ट्या पाठीवर घेऊन, मी. व्याही सारी दुपार मस्कतसाठीच्या आवाजात महेशला वाट दाखवत होते. माझ्या कानात भोंगा वाजल्यासारखे होऊ लागले, म्हणून त्यांच्या नावापुढची पट्टी मी खाली आणली. घरचे सांगतात की मी व्याह्यांचा माईक बंद केला. हे साफ खोटे आहे. माईक त्यांचा, रोह्याला. मी त्याला पेणहून काय करणार? मी माझ्या फोनवरची, माझ्या कानापुरती पट्टी उतरवली. बरे, आवाज बंद करायचे चिन्हही निराळे असते, त्यावर तिरकी रेघ असते, आणि तिला मी बोट लावले नव्हते. पट्टी तळाशी आणणे आणि आवाज बंद करणे यांत फरक आहे. नळ गच्च आवळला तरी थेंब येतोच.

तो थेंब मला ऐकू आला नाही, एवढेच. टेकडीवरून व्याह्यांना माझ्या मागे एक माणूस येताना दिसला. ते उत्तरेकडे वळले आणि पेणच्या अंतराला शोभेल अशा आवाजात त्यांनी मला सावध केले. मी मेलो. मलमपट्ट्या माझ्याबरोबर गेल्यामुळे पाठोपाठ महेश, वृंदा आणि व्याही हेही गेले. मेलेल्या माणसाला काम नसते, म्हणून मी पट्टी पुन्हा वर केली.

"व्याहीबुवा," रोह्याहून आवाज आला, "मी सांगत व्हतो तुम्हाला, मागं मानूस हाय म्हनून."

"मला ऐकू आले नाही."

"माझा माईक बंद पडला व्हता का?"

आता येथे दुसरा कोणीही "हो" म्हणाला असता. रेंज गेली, फोन अडकला, हजार सबबी होत्या. परंतु मी सबबी सांगत नाही.

"आपला माईक उत्तम आहे," मी म्हणालो. "आपला आवाज मी खाली करून ठेवला होता."

मस्कतहून कोणीतरी खाकरले. मग व्याही "बरं" म्हणाले. अंतर पेणचे की मस्कतचे, हे त्या एका शब्दावरून मला ठरवता आले नाही. पडद्यावरून त्यांचे नाव गेले.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. एकदा रोह्याला वीज नव्हती, एकदा फोन चार्ज नव्हता, एकदा म्हणे डोळे दुखत होते. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मांडवात पानसुपारी मागंपुढं झाली तर माणसं जन्मभर लक्षात ठेवतात. तुम्ही तर व्याह्यांचं तोंडच बंद केलंत!" मी तिरक्या रेघेचा मुद्दा त्यांना समजावून सांगितला. त्यांनी विळी उचलली आणि त्या आत गेल्या.

चौथा गडी नसला की तो खेळ आपल्या मनाने एखादा परका भिडू पाठवून देतो. आम्हाला मिळालेला तरुण कुठला होता ठाऊक नाही, परंतु तो हिंदीतून अखंड शिव्या देत असे. त्याचा माईक मात्र मी आजवर ऐकलेल्या माइकांत सर्वोत्तम होता. ना घरघर, ना प्रतिध्वनी. एकेक शिवी टाकीच्या घावासारखी रेखीव येई. माझ्या धावण्याला तो जे म्हणाला ते मी येथे देत नाही. आम्ही तिघे हळूहळू गप्प होत गेलो. एका शुक्रवारी खेळ संपल्यावर वृंदा म्हणाली, "बरं मग."

थोड्या वेळाने तिने मला एकट्याला फोन केला. "बाबा, महेश आणि अप्पा एरवी बोलतच नाहीत हो. लहानपणापासून नाहीत. शुक्रवारी 'डावीकडं जाऊ नको' म्हणून का होईना, अप्पा त्याला हाक मारत होते. तेवढंही गेलं तर महेश काही म्हणणार नाही, पण..." मी तिला म्हणालो की व्याह्यांचे डोळे बरे झाले की ते येतील. ती म्हणाली, "त्यांचे डोळे दुखत नाहीत, बाबा. तुम्हाला माहीत आहे."

आणि व्याही आले. विहीणबाईंनी पाठवले, असे म्हणतात. खरे-खोटे त्या जाणोत. त्या शुक्रवारी मी फोन उघडला आणि माझ्या कानात सुरुंग फुटला. "पेऽऽणकर! नमस्काऽऽर! ऐकू येतंय काऽऽ?" मांजर माजघरात गेले. सबंध दुपार ते महेशशी आणि माझ्याशी एकाच आवाजात बोलले. ज्या समानतेसाठी मी रुमाल, दांडी आणि बटण यांपायी हयात वेचली होती ती आपोआप साधली होती. वर-खाली नाही, विहिरीचा तळ नाही. एकच सपाट, मापाचा आवाज. पट्टीला हात लावण्याचे कारण उरले नाही. वृंदा आनंदाने म्हणाली, "बघा बाबा, अप्पांचा माईक सुधारला! आता तुमच्याशीही मोठ्यानं बोलतात." मी काय सांगणार? बांधावरची रीत मला एकट्याला ठाऊक होती. व्याहीबुवाचा मी पेणकर झालो होतो.

"व्याहीसाहेब," मी न राहवून म्हणालो, "पेण जवळ आहे. एवढे ओरडायचे कारण नाही."

"व्हतं जवऽऽळ!" ते गरजले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी रोह्याची एस.टी. धरली. मी माफी मागायला गेलो, अशी एक हकिकत प्रचलित आहे. तिला काडीचाही आधार नाही. दूरवरून न सुटणारी तांत्रिक अडचण जागेवर जाऊन पाहावी, या हेतूने मी गेलो. सौभाग्यवतींनी पोह्यांचे पापड बरोबर दिले ते त्यांच्या मनाने. वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड यांची धूळ अंगावर घेऊन मी व्याह्यांच्या घरासमोर उभा राहिलो. दाराला घंटा होती. मी तिच्याकडे पाहिले आणि रस्त्यावरूनच, जेवढी होती तेवढी छाती भरून, म्हणालो, "आलोऽऽ!"

समोरची दारे उघडली. व्याह्यांचेही उघडले. ते उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली, जणू मी फावडे आणले आहे की काय हे पाहत होते. मागून विहीणबाई म्हणाल्या, "दादा, बरं झालं आलाव. शुक्रवार आला का हे घरात असे फिरतात, जशी म्हस हरवली." व्याही म्हणाले, "तू गप गो. पानी आन."

जेवण झाले, पापड भाजले गेले, आणि मस्कतची वेळ झाली. आम्ही दोघांनी एकाच खोलीत आपापले फोन उघडले मात्र, दोन्हींतून अशी काही कर्णकर्कश किंकाळी निघाली की विहीणबाईंच्या हातातली पातेली पडली. एकाच जागी दोन माईक चालू असले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो आणि फिरत राहतो. एक बंद करावाच लागतो. हे मी व्याह्यांना समजावून सांगितले.

"माझा करतो बंद," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "आता सवय झालीय."

त्यांचे बोट पडद्याकडे जाण्याआधी मी माझा माईक बंद केला. तिरक्या रेघेवर बोट ठेवून, पुरता. यात कोणी काही विशेष पाहू नये. मुलाच्या बापाचा शब्द राहिला पाहिजे, ही लग्नापासूनची रीत आहे. आता मला मस्कतशी बोलायचे तर व्याह्यांच्याच फोनमध्ये बोलणे भाग होते, म्हणून मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी शेजारी बसलो. मी मुद्दाम त्यांच्या पश्चिमेच्या बाजूला बसलो, असे महेश सांगतो. जागा तेवढीच होती. उत्तरेला कपाट आहे. कोणीही जाऊन पाहावे.

खेळ सुरू झाला. महेश नेहमीप्रमाणे डावीकडे निघाला. व्याही खाडीकडे वळले, त्यांनी छाती भरली, तोंड उघडले, आणि समोर वीतभर अंतरावर माझा चेहरा आला. जवळच्या माणसावर ओरडायचे नसते. ते तसेच थांबले. भरलेला श्वास त्यांनी हळूहळू सोडला आणि शेजाऱ्याला सांगावे तसे म्हणाले, "महेशा. डावीकडं जाऊ नको, बाबा."

बेटावर महेशचा शिपाई जागच्या जागी उभा राहिला. मला वाटले रेंज गेली. मग महेशचा आवाज आला, "अप्पा? तुम्ही... इथंच बाजूला बसल्यासारखे वाटताय."

व्याह्यांनी फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "हा काय," ते तशाच आवाजात म्हणाले, "हायच की इथं."

महेश डावीकडे गेला नाही. त्यानंतर आम्ही लवकरच मेलो, कारण दोघेही म्हातारे एकाच पडद्यात पाहत होतो आणि माझा शिपाई छत्रीसकट एका झाडावर लोंबकळत राहिला होता. पण मेल्यावरही कोणी फोन ठेवला नाही. बापलेक बोलत राहिले. म्हशीविषयी, मस्कतच्या माशांविषयी, कुठल्याशा जुन्या सायकलविषयी. मी निघालो तेव्हा उन्हे कलली होती. एस.टी.पर्यंत पोचवायला आलेले व्याही वाटभर काही पुटपुटत होते. त्यातले निम्मे मला ऐकू आले नाही, आणि मी "काय म्हणालात?" असे विचारले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी पेणला, ते रोह्याला; पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मस्कतला गर्जना, पेणला कानाआडून जप. मी कपाळाला हात लावला. पट्टी मात्र वर ठेवली, आणि गर्जनेला कान बाजूला घेऊ लागलो. उतरत्या दुपारी, मी त्याच पडक्या भिंतीआड मलमपट्ट्या घेऊन बसलो असता, ते उत्तरेकडे वळले. वृंदा म्हणाली, "अप्पा, काही म्हणालात का? ऐकू नाही आलं." महेशही म्हणाला, काही आले नाही. आजही दोघे सांगतात की त्या क्षणी अप्पा काहीच बोलले नव्हते. ते बोलले होते. ते म्हणाले होते, "व्याहीबुवा, मागं बघू नका. मी हाय."

याला आता बराच काळ लोटला. अलीकडे मस्कतला जाणारा आवाज पूर्वीइतका मोठा येत नाही. माझ्या टेबलावरची वाटी हालत नाही, मांजर झोपलेलेच राहते. वृंदा म्हणते, अप्पा शेवटी माईकवर बोलायला शिकले. महेश म्हणतो, रोह्याचे नेटवर्क सुधारले. सौभाग्यवती म्हणतात, सुधारला तो माझा स्वभाव. मागच्या महिन्यात व्याही आमच्याकडे आले होते. त्यांनी रस्त्यावरून नेहमीसारखी वर्दी दिली, पण समोरचे एकही दार उघडले नाही. मी दारातच उभा होतो, म्हणून मला ऐकू आले. पायऱ्या चढताना ते मध्येच थांबले आणि कठड्याला धरून, दम घेत, आमची कुंडी पाहत आहेत असे दाखवत उभे राहिले. मीही कुंडीविषयी बोललो. हल्ली दर शुक्रवारी त्यांच्या नावापुढची पट्टी मी केसाएवढी वर सरकवतो. तेवढ्यापुरता माझा हात अजून स्थिर आहे. पट्टी आता वरच्या टोकाला टेकत आली आहे. घरच्यांच्या तिन्ही हकिकती चुकीच्या आहेत, हे मला ठाऊक आहे. या एका बाबतीत मी त्या खोडून काढलेल्या नाहीत.